चित्र म्हणजे कबुलीजबाब नव्हे

गेल्या दिवाळीत, भाऊबिजेच्या दुपारी, चकल्यांचा डबा मध्ये ठेवून आमच्या घरी एका खुन्याला पकडण्यात आले. खुनी लंडनचा, खून १८८८ सालचे, आणि पकडणारा माझा पुतण्या. मुलगा हुशार आहे, नोकरी सांभाळून वाचतोही पुष्कळ. मोबाइलवरचे एक काळपट चित्र माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "काका, तुम्ही चौतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवलीत. नीट पाहा आणि सांगा, हे काढणारा माणूस खुनी वाटतो की नाही?"

मी चष्मा पुसून पाहिले. एक अंधारी खोली. उघड्या दारातून नजर आत जाते. समोर खिडकी, तिच्यातून गाळून आलेला लालसर उजेड, खिडकीपाशी मेज आणि खुर्ची. माणूस एकही नाही. रक्ताचा थेंबही नाही. मी म्हणालो, "याला अंधार रंगवता येतो, एवढे दिसते. बाकी काही दिसत नाही." तेव्हा पुतण्याने हुकमाचे पान टाकावे तसे त्या चित्राचे नाव सांगितले: 'जॅक द रिपरची झोपण्याची खोली.'

आता खरे सांगायचे तर, नाव ऐकताक्षणी मलाही ती खोली निराळी दिसू लागली. खुर्चीवर कोणी बसले आहे असा भास झाला. उजेडाचा लाल रंग अधिक लाल झाला. चित्रातला एक फटकारासुद्धा बदलला नव्हता. बदलला होता तो पाहणारा. माझा आजचा तंटा पुतण्याशी नाही, या बदललेल्या पाहणाऱ्याशी आहे. आणि तो पाहणारा एक दिवस मीही होतो, म्हणून तंटा माझ्याशीही आहे. त्याविषयी पुढे सांगेन.

प्रथम हकिगत. १८८८ च्या ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत आणि तिच्या आसपास, पाच स्त्रियांचे खून झाले. ते एकाच हातचे असावेत असे बहुतेक अभ्यासक मानतात. मारेकरी आजतागायत सापडलेला नाही. त्या सप्टेंबरात एका वृत्तसंस्थेकडे लाल शाईचे एक पत्र आले. खाली सही होती 'जॅक द रिपर'. तेव्हापासून त्या निनावी माणसाला नाव मिळाले, आणि नाव मिळाले की दंतकथा व्हायला वेळ लागत नाही.

वॉल्टर सिकर्ट हा चित्रकार तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. जन्म १८६० चा, म्युनिकचा. आधी थोडे दिवस नट, मग व्हिस्लरचा शिष्य, देगाचा स्नेही, आणि पुढे इंग्लंडातल्या नव्या चित्रकलेचा एक पुढारी. स्वच्छ दिवाणखाने आणि गुलाबी गालांच्या बायका सोडून हा गृहस्थ नाटकशाळांच्या माडीवरचे स्वस्तातले प्रेक्षक आणि भाड्याच्या कळकट खोल्या रंगवीत बसला. १९४२ मध्ये तो वारला. त्या खुनांच्या तपासात पोलिसांनी त्याचे नावही काढले नव्हते.

मग तो पकडला कसा गेला? ज्या चित्राने आमची भाऊबीज गाजवली, ते त्याने खुनांनंतर जवळपास वीस वर्षांनी काढले. कॅम्डन टाउन भागातल्या ज्या घरात तो भाड्याने राहत होता, तिथल्या घरमालकिणीने त्याला सांगितले होते की, पूर्वी या खोलीत पशुवैद्यकीचा एक विद्यार्थी राहत असे आणि तोच रिपर. सिकर्टला ही गोष्ट सांगण्याचा फार नाद होता. ऑस्बर्ट सिटवेल या लेखकाने ती त्याच्या तोंडून ऐकून लिहून ठेवली आहे. म्हणजे चित्राचा अर्थ काय? ज्या खोलीत आपण निजतो तिथे पूर्वी कोण निजत असेल, या विचाराने भाडेकरूच्या अंगावर येणारा काटा. आमच्याकडेही जुन्या वाड्यात बिऱ्हाड करणाऱ्याला शेजारीण पहिल्याच आठवड्यात माळ्यावरची गोष्ट सांगते. ती गोष्ट पुढे सांगणारा भाडेकरू काही भूत ठरत नाही.

आरोपाचा इतिहास पाहिला म्हणजे करमणूक होते. १९७३ साली बीबीसीच्या एका मालिकेत सिकर्टचा मुलगा म्हणवणारा एक माणूस पुढे आला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे राणी व्हिक्टोरियाचा नातू प्रिन्स अ‍ॅल्बर्ट व्हिक्टर याचे एका दुकानात काम करणाऱ्या मुलीशी गुप्त लग्न झाले होते, आणि ते दडवण्यासाठी राजवैद्य सर विल्यम गल याने हे खून केले. १९७६ मध्ये स्टीफन नाइट यांनी या कहाणीचे पुस्तक केले आणि कटात सिकर्टलाही गोवले. पुस्तक हातोहात खपले. हा राजवैद्य १८८८ साली एकाहत्तर वर्षांचा होता आणि आदल्याच वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता! ज्या रात्री दोन खून झाले त्या सुमारास राजपुत्र स्कॉटलंडात होता. (पुढच्या वर्षी तो मुंबई बंदरात उतरला. तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या खुनाचे बालंटही त्याच्यावर अजून कसे आले नाही, याचे मला नवल वाटते.) १९७८ मध्ये तर कहाणी सांगणाऱ्यानेच वर्तमानपत्राजवळ कबूल केले की रिपरचा भाग आपण रचला. पण रचणारा कबूल झाला म्हणून वाचणारा थोडाच थांबतो? १९९० मध्ये जीन ओव्हरटन फुलर यांनी दुसऱ्या एका ऐकीव आठवणीवरून खुद्द सिकर्टलाच खुनी ठरवले. आणि २००२ मध्ये पॅट्रिशिया कॉर्नवेल या प्रख्यात अमेरिकन कादंबरीकर्तीने स्वतःचा अमाप पैसा खर्चून, त्याची तिसाच्या वर चित्रे विकत घेऊन, प्रयोगशाळा राबवून निकाल दिला: सिकर्ट हाच रिपर, प्रकरण मिटले.

प्रतिपक्षाची बाजू दुबळी करून मांडणे हा वादातला भेकडपणा आहे, म्हणून कॉर्नवेलबाईंचे सगळ्यांत बळकट मुद्देच घेतो. त्या म्हणतात, रिपरच्या नावाने आलेल्या काही पत्रांचा कागद आणि सिकर्टच्या पत्रांचा कागद एकाच गठ्ठ्यातला दिसतो. कागदाच्या तज्ज्ञाचे हे मत आहे आणि मी ते झुगारून देत नाही. दुसरे, अशा एका पत्रावरील डीएनएचा काही अंश सिकर्टशी संबंधित पत्रांवरील अंशाशी जुळतो. पण हा अंश आईकडून येणाऱ्या वंशरेषेचा. तो अनेकांत समान असतो. त्याने एखाद्याला वगळता येते; बोट ठेवून 'हाच तो' म्हणता येत नाही. लंडनसारख्या अवाढव्य शहरात तो हजारोंशी जुळेल. सिकर्टचे तर दहन झाले. त्याचा स्वतःचा म्हणावा असा निर्विवाद नमुनाच उरलेला नाही.

आणि समजा, सगळे मान्य केले. समजा, सिकर्टने रिपरच्या नावाने एखादे पत्र खरोखरच लिहिले. त्यावरून काय सिद्ध झाले? पत्र लिहिले, एवढेच. त्या दिवसांत अशी शेकडो पत्रे आली. ब्रॅडफर्डची एक तरुण मुलगी असली पत्रे लिहिल्याबद्दल न्यायालयापुढे उभी राहिली होती. पहिले पत्रदेखील कुणा बातमीदारानेच लिहिले असावे असा पोलिसांचा संशय होता. सोंगे घेण्याची हौस असलेल्या माजी नटाने असला वाह्यातपणा केला असेल, तर तो वाह्यात ठरेल. वाह्यात आणि खुनी यांत जे अंतर आहे ते पुराव्याने ओलांडायचे असते, कल्पनेने नव्हे.

उलट बाजूचा पुरावा पाहा. पाचांपैकी चार खून ३१ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर या अवधीत झाले. ६ सप्टेंबरला सिकर्टची आई फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या गावाहून लिहिते की मुले पोहण्यात आणि चित्रे काढण्यात आनंदात आहेत. १६ तारखेला ब्लांश हा फ्रेंच चित्रकार सिकर्टच्या भेटीविषयी लिहितो. २१ तारखेला सिकर्टची बायको लिहिते की नवरा काही आठवडे फ्रान्समध्येच आहे. यावर उत्तर मिळते, "बोटीने गुपचूप येऊन गेला असेल." असेल! 'असेल' या एका शब्दावर माणूस फासावर चढवायचा, तर तुमच्या-आमच्यातला कोण वाचेल?

पण मला सर्वांत अधिक चीड येते ती चित्रे वाचण्याच्या रीतीची. सिकर्टचे 'आँवी' म्हणून एक प्रसिद्ध चित्र आहे, १९१४ च्या सुमाराचे. आँवी म्हणजे कंटाळा. मेजाशी बसून चिरूट ओढणारा पुरुष, त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे पाहणारी बाई, दोघांमध्ये वर्षानुवर्षे साचलेले मौन. जुन्या संसारात असे मौन ज्याने अनुभवले असेल त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. त्या चित्रातल्या भिंतीवर आणखी एक लहान चित्र टांगलेले आहे. राजवैद्याच्या कटाची कहाणी सांगणाऱ्यांना त्या लहान चित्रातल्या स्त्रीत राणी व्हिक्टोरिया दिसली आणि तिच्या खांद्यावर समुद्रपक्षी दिसला. इंग्रजीत त्या पक्ष्याला 'गल' म्हणतात. झाले! सर विल्यम गल सापडला. कॉर्नवेलबाईंना त्याच जागी स्त्रीच्या पाठीमागून येणारा एक पुरुष दिसला, म्हणजे खुद्द सिकर्ट. एकच चित्र, त्याचा एकच हाताएवढा कोपरा, आणि तो दोन वेगळ्या खुन्यांविरुद्ध साक्ष देतो! असा साक्षीदार आपल्या तालुका कोर्टात उभा राहिला असता, तर न्यायाधीशांनी त्याला पाणी पाजून घरी पाठवला असता. ढगात हत्ती दिसतो तो ढगाचा नसतो, पाहणाऱ्याचा असतो, हे आमच्या बालवर्गातल्या पोरांनाही ठाऊक असते.

यावर पुतण्याचा शेवटचा बाण असा: "काका, मनात असल्याशिवाय हातातून उतरते का?" प्रश्न वरवर फार समंजस वाटतो. म्हणूनच तो घातक आहे. मनात असणे आणि करणे या दोन गोष्टी एक मानल्या, तर 'झुंझारराव' लिहिल्याबद्दल देवलांवर गळा दाबण्याचा खटला भरायला हवा होता. आणि हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांसाठी तर सरकारला स्वतंत्र तुरुंगच बांधावा लागला असता. कलावंताच्या मनात खुनी असतो, मारला जाणारा असतो, बघ्या असतो आणि खाली दारात भाड्यासाठी उभा असलेला घरमालकही असतो. तसे नसेल तर तो कलावंत कसला? स्वतः न केलेले दुःख आणि स्वतः न केलेले पाप ओळखता येणे यालाच तर आपण सहानुभूती म्हणतो. तिचाच पुरावा करून तुम्ही माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात ढकलणार असाल, तर उद्या चांगल्या मनाचा मनुष्य फक्त फुलदाण्या रंगवील.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. सांगताना आजही मान खाली जाते.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका लहान गावच्या शाळेत होतो. सातवीच्या वर्गाला मी विषय दिला, 'उन्हाळ्याची सुट्टी'. एका अबोल मुलाने विहीर काढली. काठावर चपलांचे चार-पाच जोड, त्यांत एक बायकी. माणूस कुठेच नाही. आदल्या वर्षी त्याच्या घरात एक मृत्यू झाला होता. त्याची काकू विहिरीत गेली होती आणि पाय घसरला असे घरचे म्हणत होते. मी ते चित्र पाहिले आणि माझ्या अंगावर शहारा आला. पोराने काही पाहिले आहे, अशी माझी खात्री झाली. मी चित्र मुख्याध्यापकांना दाखवले, त्यांनी वडिलांना बोलावले, आणि संध्याकाळपर्यंत गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच गोष्ट झाली: पोराने चित्रात सारे सांगून टाकले. त्याच्या काकाशी लोक बोलेनासे झाले.

पंधरा दिवसांनी मी त्या मुलाला एकटे गाठून विचारले, "बाळ, यात माणसे का नाहीत रे?" तो रडवेला होऊन म्हणाला, "गुरुजी, मला माणसं काढता येत नाहीत. म्हणून सगळे बुडी मारलेत." सुट्टीत मुले विहिरीवर पोहायला जात, काठावर चपला काढीत. आणि तो बायकी जोड? त्याच्या चपला तुटल्या होत्या, म्हणून तो आईच्या घालून गेला होता.

मी मुख्याध्यापकांना सांगितले, त्याच्या वडिलांची माफी मागितली, पारावर बसून चारचौघांनाही सांगितले. ऐकायला कोणालाच फारशी हौस नव्हती. पहिली गोष्ट अधिक रंगतदार होती. तो काका मी बदलून जाईपर्यंत खाली मान घालूनच चालत असे, आणि त्या मुलाने माझ्या तासाला पुन्हा कधी रंगाची पेटी उघडली नाही. चित्र काढण्यातली एक पोरकट, गोड युक्ती मी कबुलीजबाब म्हणून वाचली. माझ्या हाती फक्त खडू होता. ज्यांच्या हाती जगभर खपणारी लेखणी आहे त्यांनी किती जपून लिहावे, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

"पण सिकर्ट तर मेला. मेलेल्याचे काय बिघडते?" असेही कोणी म्हणेल. मेलेल्याला वकील देता येत नाही, हेच त्याचे बिघडते. आणि या खेळात आणखी पाच जणींचे बिघडते, त्यांच्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. खुन्याचे नाव पोराटोरांना पाठ आहे. त्या पाच जणींची नावे सांगा म्हटले तर पुतण्या गप्प बसला. मी सांगतो: मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज, मेरी जेन केली. पहिल्या चौघी चाळिशी ओलांडलेल्या, घर सुटलेल्या बायका. रात्रीच्या निवाऱ्यातल्या खाटेसाठी चार पेन्स नव्हते, म्हणून निकोल्सबाईला त्या रात्री बाहेर काढले. आपली नवी टोपी दाखवून ती हसत म्हणाली की पैसे आत्ता मिळवून आणते, आणि गेली. चॅपमनबाई आजारी होती. तिच्याजवळही खाटेचे पैसे नव्हते. मेरी केलीकडे एकोणतीस शिलिंग भाडे थकले होते. ९ नोव्हेंबरच्या सकाळी तिच्या खोलीच्या खिडकीतून ज्याने प्रथम आत पाहिले तो पोलीस नव्हता, भाडे वसूल करायला आलेला घरमालकाचा माणूस होता.

हॅली रूबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी २०१९ मध्ये या पाच जणींची चरित्रे लिहिली, तेव्हा कुठे त्या सव्वाशे वर्षांनंतर माणसे म्हणून पुन्हा उभ्या राहिल्या. खुन्याविषयीच्या पुस्तकांची मात्र कपाटे भरली आहेत.

आणि आता सिकर्टकडे परत या. १९०७ च्या सप्टेंबरात कॅम्डन टाउनमध्ये एमिली डिमॉक या बावीस वर्षांच्या स्त्रीचा खून झाला. रेल्वेत रात्रपाळी करणारा तिचा सोबती सकाळी घरी परतला तेव्हा तो उघडकीस आला. रॉबर्ट वुड या तरुण कारागिरावर खटला झाला, तो निर्दोष सुटला. खरा मारेकरी मिळालाच नाही. त्यानंतर सिकर्टने काही चित्रे काढली आणि त्यांना 'कॅम्डन टाउनचा खून' असे नाव दिले. आरोप करणाऱ्यांचे हे सर्वांत लाडके हत्यार. त्यांतले एक चित्र पाहा. लोखंडी खाट, तिच्यावर भिंतीकडे तोंड करून पडलेली विवस्त्र स्त्री, आणि खाटेच्या कडेला कपडे घातलेला एक पुरुष, मान खाली, हात एकमेकांत गुंतलेले. हत्यार नाही, झटापट नाही. त्या पुरुषाच्या पाठीकडे पाहून मला खुनी आठवत नाही. महिनाअखेरीचा, पगार न झालेला गिरणीकामगार आठवतो. आणि या चित्राचे दुसरे नाव आहे, 'भाड्याचे काय करायचे?'

एका चित्राला दोन नावे. लोक म्हणतात, सिकर्टने खून लपवला. मला वाटते, त्याने तो उघडा करून ठेवला. भाड्याच्या खोलीत, चार पैशांच्या खाटेवर, माणूस किती सहज मरू शकतो, हे त्या दोन नावांच्या मध्ये लिहिले आहे. व्हाइटचॅपलच्या पाच जणींना रात्री रस्त्यावर काढणारा एक मारेकरी सुरी घेऊन हिंडत नव्हता. तो दारात हिशेबाची वही घेऊन उभा होता. त्याला पकडायला प्रयोगशाळा लागत नाही, आणि त्याच्यावर पुस्तक खपत नाही.

यंदाही भाऊबिजेला पुतण्या येणार आहे. चकल्या तयार आहेत. या खेपेस मी त्याला तेच दुसरे चित्र दाखवणार आहे, पण नाव झाकून. म्हणणार आहे, "आधी पाच मिनिटे नुसते पाहा. मग त्या दोघांना काय झाले असेल ते सांग." पोरगा मनाचा चांगला आहे. तो 'भाडे' म्हणेल, अशी मला आशा आहे.